धुक्याच्या देशातले उंट

१

आमच्या सूनबाईंना हल्ली दारं लावायची सवय जडली आहे. खोलीचं दार लावतात, कपाटाचं लावतात, तोंडाचंही लावतात. त्या औषधाच्या दुकानात कामाला आहेत. तिथून घरी यायला धक्क्याचा सरळ रस्ता आहे, तो सोडून मालगोदामाला वळसा घालून येतात. तोवर जेवण गार होतं. विचारलं तर म्हणतात, "तो रस्ता बरा पडतो." कुणाला बरा पडतो? गोदामाच्या उंदरांना?

आणि मी दुपारी धक्क्यावर जायला निघाले की आडव्या येतात. "आई, नका जाऊ तिथं." सासूला हुकूम! त्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून माझा थोरला पाण्यात गेला. तिचा नवरा गेला हे मान्य, पण तिच्या कितीतरी आधी तो माझा होता. मी कुठं उभं राहायचं ते मी ठरवीन.

थोरला कादंबऱ्या लिहायचा. खाली माझं शिवणाचं दुकान, वर त्याची खोली. शाळेचे गणवेश, इस्पितळाचे पडदे शिवून मी त्याला वाढवला, आणि तो दिवसभर खुर्चीत बसून नसलेल्या माणसांची काळजी वाहायचा. हिवाळ्यात, दाट धुक्याच्या दिवशी, तो धक्क्यावर गेला आणि परत आला तो चार नावाड्यांच्या हातांवर. शेवाळावरून पाय घसरला, असं सगळे म्हणाले. त्याच्या कपड्यांची पिशवी आली ती मी एकटीनं उघडली. कोटाच्या खिशात माझी माप घ्यायची टेप होती, पाण्यानं फुगलेली. ती त्यानं कशाला नेली असेल ते मला कळेना. मी ती गुंडाळून यंत्राच्या खणात ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाला काय कळणार होतं?

त्याची कादंबरी शेवटचा भाग सोडून लिहून झाली होती. शेवटाची नुसती टिपणं होती, ती काँप्युटरात. प्रकाशकाकडचा संपादक, मी त्याला चष्मेवाला म्हणते, मागच्या आठवड्यात येऊन लिहिलेली प्रकरणं घेऊन गेला. जाताना म्हणाला, "काकू, पुढच्या खेपेला शेवटाची टिपणं नेतो. त्याआधी इथंच बसून तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतो."

सूनबाई तेव्हा चहा ओतत होत्या. अर्धा बशीत गेला.

आज चष्मेवाला आला. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले, सूनबाई दारात उभ्या राहिल्या. त्यानं काँप्युटर चालू केला, इकडं टिचकी, तिकडं टिचकी, आणि मग त्याचा हात थांबला.

"काकू," तो म्हणाला, "शेवटाचा फोल्डर रिकामा आहे."

२

आता हे फोल्डर म्हणजे काय, ते मला थोरल्यानंच सांगितलं होतं. मी शाळेत फार टिकले नाही. पाटी वाचते, माप वाचते, बाकी अक्षराला अक्षर जुळवत जावं लागतं. पण त्यानं मला समजेल असं सांगितलं.

"आई, हे कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर. म्हणजे तुझं दुकानच समज. ही डावीकडे मांडणी, हे तिच्यावरचे डबे. एकात माणसं, एकात गावं, एकात होड्या. डबा उघडला की आत कार्डं. एका कार्डावर एक सुचलेली गोष्ट."

"आणि ही चवड कसली?"

"हे तुझ्या खिळ्यावरून उचललंय."

माझ्या दुकानात प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा एक खिळा आहे. त्यावर त्याच्या मापानं कापलेला खाकी कागद टोचलेला असतो. माणूस सुटला, वाळला, वाकला की नवा कागद कापायचा आणि जुन्याच्या वर टोचायचा. जुना फेकायचा नाही. पोरगं माझ्या कापायच्या टेबलाखाली वाढलं, त्याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

त्याचा तो देशही त्यानं मला दाखवला. "इथं ऊन नाही आई, वाळू नाही. पाणी, चिखल आणि धुकं. माणसं होडीतून शाळेत जातात."

"मग कपडे वाळत कुठं घालतात?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "हे मला सुचलंच नव्हतं," आणि लगेच एक नवा डबा उघडला. स्वतःचा कप कधी विसळला नाही, पण एका अख्ख्या देशाच्या धुण्याची सोय लावत बसला.

असा तो कारभार. आणि आज त्यातला नेमका एक डबा रिकामा.

"केराच्या टोपलीत गेलं असेल," मी म्हटलं.

"यात केराची टोपली असते काकू, पण तीही रिकामी आहे." चष्मेवाला एकेक नाव वाचत खाली उतरला. "माणसं. गावं. होड्या. कर. मासे. कपडे वाळवणं. उंट. दिवे. शाप. कुठंच दिसत नाही. आणि शेवट मिळाला नाही तर प्रकाशक पुस्तक काढणार नाही. अर्धवट पुस्तक कोण घेतं? नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तरी शेवट लिहून घेतील."

माझ्या पोराच्या कापडाला परक्याचा काठ. माझ्या अंगाची लाही झाली.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

तो घुटमळला. "मला. वहिनींना. आणि तुमच्या मुलीला, तिनंच तर हा काँप्युटर बसवून दिला होता."

म्हणजे तीन माणसं. मी दाराकडं पाहिलं. सूनबाई तिथून नाहीशा झाल्या होत्या.

३

पहिला मी चष्मेवाल्यालाच धरला. खाली दुकानात नेलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं आणि समोर पडदा कापायला घेतला. कात्री चालू असली की माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

"तुम्हाला स्वतःलाच शेवट लिहायचा असेल," मी म्हटलं. "मेलेल्याच्या नावाखाली आपलं घोडं दामटायचं."

"काकू!"

"काकू काय? मागच्या खेपेला वरच्या खोलीत तासभर एकटेच होतात."

"होतो. पण मला टिपणं हवी असती तर मी त्यांची नक्कल नेली असती. पुसून मला काय मिळालं? आता मलाच साहेबांसमोर मान खाली घालून उभं राहायचं आहे." त्यानं चष्मा काढून पुसला. डोळे लाल होते. "आणि लिहायचंच म्हटलं तर शेवट मला थोडाफार ठाऊक आहे."

"कसा?"

"अगदी पहिल्या भेटीत सांगितला होता त्यानं. पुस्तकाचं एक पानही लिहिलेलं नव्हतं तेव्हा. त्यातला नावाडी असतो ना, तो घरादारापासून तुटलेला असतो. शेवटी तो कंदील धक्क्यावर ठेवतो आणि पायऱ्या उतरत पाण्यात जातो. जातच राहतो. मी म्हटलं, अरे, फार काळोखी आहे हे. तर म्हणाला, बघू."

आपण कुणासमोर काय बोललो ते त्याला उशिरा उमगलं.

"काकू, मला तसं म्हणायचं नव्हतं. ती नुसती गोष्ट होती."

पडदा तिरका कापला गेला होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून तिरकं कापड कापलं गेलं नव्हतं.

४

लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. एका कचेरीत काँप्युटरच दुरुस्त करते, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला दुरुस्त करता येतं असा तिचा समज आहे. ती संध्याकाळच्या आत आली.

"आई, तुझा माझ्यावर संशय आहे, हो ना? तुझ्या कपाळावरच लिहिलंय."

"पुस्तकात एक हेर आहे. त्याच्या हनुवटीवर तीळ आहे आणि तो लोकांची पत्रं फोडून वाचतो. हा तीळ कुणाचा?"

लेकीनं हनुवटीवर हात ठेवला. "माझा. लहानपणी मी त्याची पत्रं वाचायचे म्हणून त्यानं सूड उगवला. मी त्याला म्हटलं होतं, पुस्तक छापलंस की तुझा गळा दाबीन."

"मग?"

"मग काय? चोरायचंच असतं तर मी हेराचं कार्ड नसतं का चोरलं? तो हेर तिळासकट जागच्या जागी आहे, आत्ताच वर जाऊन बघून आले." ती माझ्या शेजारी बसली आणि तिचा आवाज उतरला. "त्यानं मला त्याच आठवड्यात फोन केला होता आई. गेला त्याच आठवड्यात."

"कशाला?"

"असंच. विचारत होता, लहानपणी आपण बाहेरून आलो की आई दार उघडून पहिलं वाक्य काय म्हणायची? मी म्हटलं, यात विचारायचं काय? पाय पूस आधी. तर फोनवर कितीतरी वेळ हसला. म्हणाला, बरोबर, तेच हवं होतं." तिनं नाक ओढलं. "निरोप घेत होता की काय, असं नंतर कितीदा वाटलं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

म्हणजे हिलाही तोच किडा लागला होता. आणि मला सोडून बाकी सगळ्यांना.

मी तिला चहा करायला पाठवलं आणि यंत्राच्या खणातून ती टेप काढली. फुगून कडक झालेली. बोटांत वळत नव्हती. मी ती टेबलावर सरळ केली, आणि तेव्हा एकदम लक्षात आलं की आम्ही चोर चुकीच्या बाजूनं शोधत होतो.

५

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि विचार करत बसले.

चोरी का करतात? वस्तू आपल्याला हवी म्हणून, नाहीतर दुसऱ्याला मिळू नये म्हणून. चष्मेवाल्याला नक्कल पुरली असती. लेकीला हेर पुरला असता. ही कार्डं कुणी स्वतःसाठी नेली नव्हती, ती कुणाच्या तरी नजरेला पडू नयेत म्हणून हलवली होती. कुणाच्या नजरेला? चष्मेवाल्याला तर नावाड्याचा शेवट आधीपासून ठाऊक. लेकीला पुस्तकाशी देणंघेणं नाही.

मग उरलं कोण? जिला अक्षर जुळवून वाचावं लागतं आणि जिला हा माणूस सगळं मोठ्यानं वाचून दाखवणार होता, ती.

चोरी माझ्यापासून झाली होती.

एवढं कळल्यावर पुढचं आपोआप उलगडत गेलं. वाचून दाखवतो म्हटल्याबरोबर चहा कुणाचा सांडला? धक्क्याचा रस्ता कुणी सोडला? मला तिथं उभं राहू न देण्याचा आटापिटा कोण करत होतं? मी ते उर्मटपण समजत होते. मी पायऱ्यांकडं बघत उभी राहीन आणि कधीतरी माझ्याही मनात तेच येईल, या भीतीनं ती बाई माझ्या आडवी येत होती.

आणि कार्डं कुठं गेली तेही मला कळलं. चष्मेवाल्यानं ते नाव आमच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. होड्या, कर, मासे, कपडे वाळवणं. उंट.

ज्या देशात मूठभर वाळू नाही तिथं उंट कुठून आला?

थोरल्याच्या खोलीत, काँप्युटरच्या वर, औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर वाळूतून चाललेल्या उंटाचं चित्र आहे. घाईनं एखादं नाव द्यायचं असेल, डोळे भरून आलेले असतील, तर माणूस समोर दिसेल ते नाव देतो.

पण एवढ्यावर माझं समाधान नव्हतं. चोर कळला, माल कळला, पण ज्या गोष्टीसाठी चोरी झाली ती खरी होती की नाही? माझा मुलगा त्या पायऱ्यांवरून घसरला होता, की उतरत गेला होता?

मी टेप घेतली आणि जिना चढले.

६

थोरल्याच्या खोलीचं दार लावलेलं होतंच. मी थाप मारली नाही, आवाज दिला.

"सूनबाई, मला उंट बघायचाय."

मग कडी निघाली. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. गालाची हाडं वर आली होती. औषधाच्या दुकानात काम करते आणि स्वतः अशी.

"आई, नका बघू," ती म्हणाली. "मी हात जोडते. टाकून द्यायचं मनात होतं, पण ह्यांचं लिहिलेलं टाकायला हात उचलला नाही."

"खुर्चीत बस. उघड तो डबा आणि वाच."

"तुम्हाला नाही सोसणार."

"मला काय सोसतं ते माझ्यावर सोड. आजवर तुझं जेवण सोसलंच ना?"

ती रडता रडता हसली का काय केलं ते समजलं नाही, पण बसली. उंटाच्या डब्यातून कार्डांची चवड बाहेर आली. ती सगळ्यात खालच्या कार्डापाशी गेली आणि दबक्या आवाजात तिनं वाचलं: नावाडी कंदील धक्क्यावर ठेवतो. पायऱ्या उतरतो. पाणी गळ्याशी येतं, तो थांबत नाही.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "ह्यांच्या लिहिण्यात मी कधी डोकावले नव्हते आई. ते गेल्यावर पहिल्यांदा उघडलं. वरून वाचत आले. वर तो पायऱ्या मोजतो. मग घरी येतो, आईला भेटतो. मग त्याच्या मनातलं काय काय आहे. आणि सगळ्यात शेवटी हे. तेही त्या दिवशी असेच दुकानात तुमच्याजवळ येऊन गेले होते. तुमची थट्टा करून गेले. आणि तिथून धक्क्यावर." तिनं तोंडावर हात घेतला. "कार्डांत लिहिलं होतं तसंच केलं हो त्यांनी. भेटून गेले."

तर इतके महिने ही बाई हे घेऊन वळसा घालत होती.

"सगळ्यात वरचं वाच," मी म्हटलं.

"ते वाचलंय मी."

"मी नाही वाचलेलं."

तिनं वाचलं. "नावाडी पाण्यातून पायऱ्या चढून वर येतो. धुक्यात घर शोधतो. आई दार उघडते, इतक्या वर्षांनी, आणि म्हणते, पाय पूस आधी." ती थांबली. "खाली बारीक अक्षरात आहे. धक्क्याच्या पायऱ्या मोजून बघणे. थकलेला माणूस एका दमात चढेल का?"

लेक चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. पाय पूस आधी हे शब्द कानावर पडले तशी ती ट्रे घेऊनच आत आली.

"आई," लेक म्हणाली, "फोनवर विचारलेलं. म्हणजे हे कार्ड त्याच आठवड्यातलं."

"आणि खालचं?" मी विचारलं.

खालून जिन्यावरून चष्मेवाल्याचा आवाज आला. निघालो म्हणून गेला होता, पण गेला नव्हता. "खालचं अगदी सुरुवातीचं, काकू. मला सांगितलेलं ते."

सूनबाई एकदा लेकीकडं, एकदा चष्मेवाल्याकडं बघत होती. "पण मग ते पायऱ्या का मोजणार होते? मला वाटलं, किती खाली उतरावं लागेल ते..."

मी मुठीतली टेप काढून तिच्या पुढ्यात, त्या काँप्युटरच्या अक्षरं दाबायच्या पाटीवर ठेवली. फुगलेली, रंग गेलेली.

"ही काय?"

"त्याच्या कोटाच्या खिशात होती. माझ्या गळ्यातून काढून नेली त्या दिवशी. थट्टा करत होता ना, तेव्हाच. पिशवी मी उघडली, आणि गप्प बसले. तुझ्याजवळ कार्ड होतं, माझ्याजवळ टेप. दोन बायका एका छपराखाली अर्धं अर्धं घेऊन बसलो."

तिनं टेपला हात लावला. मग दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाशी धरली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आवाज करून रडली. लेकीनं कप खाली ठेवले. चष्मेवाला जिन्यातच बसला. मी तिचं रडणं होऊ दिलं. बाहेर धुकं इतकं खाली आलं होतं की धक्क्यावरचा दिवा दुपारीच लावला होता. तो खिडकीतून नुसता पिवळा डाग दिसत होता.

मुलगा तर परत येणार नव्हता. घसरला म्हणून काही कमी मेला नव्हता. पण मरणामरणात फरक असतो, आणि तो फरक आम्हाला उरलेलं आयुष्य पुरणार होता.

ती शांत झाल्यावर मी तिची खुर्ची माझ्याकडं वळवली आणि सगळ्यांसमोर बोलले, कारण निकाल दाराआड द्यायची माझी पद्धत नाही.

"ऐक. आमच्या खिळ्यावर नवा कागद नेहमी वर असतो. माझ्या पोरानं तीच रीत उचलली आणि तू अख्खं पुस्तक उलट्या बाजूनं वाचलंस. पाण्यात जाणारा नावाडी त्यानं केव्हाच तळाला टाकला होता. मरायला निघालेला माणूस माप घ्यायला टेप नेत नाही. तो वर कसं यायचं ते मोजायला गेला होता, आणि पाय घसरला. हे झालं त्याचं. आता तुझं. कार्डं लपवलीस, तो गुन्हा मी धरत नाही, माझ्याचसाठी केलंस. पण एवढं मोठं दुःख माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, दार लावून एकटीनं चोरून खाल्लंस, त्याला माफी नाही. त्याची शिक्षा सांगते. ही कार्डं आत्ताच्या आत्ता ह्या चष्मेवाल्याला द्यायची, आणि शेवट वरच्या कार्डाचाच झाला पाहिजे, म्हणून तू त्याच्या डोक्यावर बसायचंस. ह्या खोलीला आजपासून कडी नाही. आणि उद्यापासून कामावरून धक्क्याच्याच रस्त्यानं यायचं. मी पायऱ्यांपाशी उभी असेन, दोघी मिळून घरी येऊ. आणि उंबऱ्यात आलीस की काय करायचं, ते तुला वेगळं सांगायला नको. पाय पूस आधी."